तुमचे प्रश्न : सिडनीला जाताय? नुसतं बंदर बघून परत येऊ नका

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती की लेकीकडे सिडनीला चार महिने राहून आले म्हणून सदराला सुट्टी होती. झालं! त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले की सोसायटीचा मेंटेनन्स आणि गच्चीची गळती हे आपले नेहमीचे विषय बाजूला ठेवावे लागले. तर हा अंक सगळा सिडनीचा. मी तिथली जाणकार वगैरे नाही हं, दोनदा गेले, दोन्ही वेळा चार-चार महिने, लेक वेंटवर्थविलला राहते म्हणजे बंदरापासून लांब पश्चिमेला, त्यामुळे माझी सिडनी टूरवाल्यांच्या सिडनीपेक्षा जरा वेगळी आहे.

प्रश्न : मुलाकडे सहा महिन्यांसाठी चाललोय. सिडनी राजधानी म्हणजे आपल्या दिल्लीसारखं का? एकंदर शहर कसं आहे? (एक काका, सिडको)

काका, पहिली गोष्ट म्हणजे ती राजधानी नाहीच. राजधानी कॅनबेरा. १९०१ साली सगळ्या वसाहती मिळून एक देश झाला तेव्हा सिडनी म्हणे आम्ही राजधानी, मेलबर्न म्हणे आम्ही, कोणी मागे हटेना, मग दोघांच्या मधल्या टापूत नवंच गाव वसवलं. सिडनी ही न्यू साउथ वेल्स राज्याची राजधानी, त्यामुळे दिल्ली नको, मुंबई डोळ्यासमोर आणा.

समुद्राकडे दोन उंच कडे आहेत, नॉर्थ हेड आणि साउथ हेड, त्यांच्या मधून पाणी आत शिरतं आणि मग डावीउजवीकडे खाड्याच खाड्या, कुठं पाणी संपतं आणि कुठं जमीन सुरू होते ते नकाशात बघूनही कळत नाही. मुळात ती नदीची दरी होती, हिमयुग संपल्यावर समुद्र वर चढला आणि दरी बुडाली, आपल्या कोकणातल्या खाड्यांसारखंच. या पाण्याच्या काठावर सर्क्युलर की नावाचा धक्का, एका बाजूला ऑपेरा हाउस, दुसऱ्या बाजूला तो लोखंडी कमानीचा हार्बर ब्रिज. फोटोतली सिडनी ती एवढीच, दहा मिनिटांत चालून होते.

पण तिथं राहतं कोण? २०२१ च्या जनगणनेत सिडनीची लोकसंख्या ५२ लाखांच्या वर होती आणि त्यातली बहुतेक मंडळी पाण्याकडे पाठ करून पश्चिमेला पसरलीत. सेंट्रल स्टेशनवरून ट्रेननं पेनरिथला जायचं तर ५० किलोमीटरच्या वर अंतर, म्हणजे आपण नाशिकहून निघून इगतपुरीला पोचलो असतो, आणि तिथं अजून सिडनीच चालू असते! बैठी घरं, मागे अंगण, अंगणात कपडे वाळत घालायचा गोल फिरणारा सांगाडा. तुमचा मुलगा बहुतेक अशाच ठिकाणी राहत असणार. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आठ दिवस मला समुद्र दिसलाच नाही, मैत्रिणी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतायत ऑपेरा हाउसचा फोटो टाक, आणि मी इथं लेकीच्या अंगणात कढीपत्त्याला पाणी घालतेय.

फिरायला मात्र सोपं. ट्रेन डबलडेकर, बस आहे, बोट आहे, आणि बिनड्रायव्हरची मेट्रो २०२४ पासून थेट बंदराच्या पाण्याखालून जाते. सगळ्याला एकच ओपल कार्ड, नाहीतर आपलं बँकेचं कार्ड टेकवलं तरी चालतं, पण परदेशातला वापर आधी चालू करून घ्या आणि बँक त्यावर काय चार्ज लावते तेही विचारा. चढताना टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. आमच्या ह्यांनी तीन वेळा उतरताना टेकवलं नाही, सिटीलिंकच्या बसमधून उतरल्यासारखे तरातरा निघून गेले, तिन्ही वेळा जास्तीचे पैसे कापले गेले आणि तिन्ही वेळा मशीनचीच चूक होती म्हणे.

प्रश्न : सिडनी कैद्यांनी वसवली असं ऐकलंय, खरं आहे का? आणि त्या काळात आपला काही संबंध? (एक निवृत्त सुभेदार, देवळाली कॅम्प)

खरं आहे साहेब, पण वसवली म्हणणं अर्धंच खरं, कारण जागा रिकामी नव्हती. गडिगल नावाचे मूळ लोक हजारो वर्षं तिथं राहत होते, मासेमारी करत होते. कॅप्टन कुक १७७० मध्ये बाजूच्या बॉटनी बेला येऊन गेला, मग १७८८ च्या जानेवारीत आर्थर फिलिप ११ जहाजं भरून कैदी, शिपाई असं सगळं घेऊन आला आणि २६ जानेवारीला सिडनी कोव्ह या छोट्या खाडीत झेंडा रोवला. आपला प्रजासत्ताक दिन तोच त्यांचा ऑस्ट्रेलिया डे. पण मूळ रहिवासी त्या दिवसाला आक्रमणाचा दिवस म्हणतात, दरवर्षी मोर्चे निघतात. पुढच्याच वर्षी देवीची साथ आली आणि त्यात मूळ लोकांची वस्तीच्या वस्ती गेली. ऑपेरा हाउस ज्या टोकावर आहे त्याचं नाव बेनेलाँग, हा त्या काळातला मूळ रहिवासी, इंग्लंडला जाऊन आला होता. त्याची बायको बारंगारू. आता काचेच्या टॉवरांचा एक झगमगीत भाग तिच्या नावानं ओळखला जातो, तिथं एकेकाळी कंटेनरचा धक्का होता.

कैद्यांमधला माझा लाडका म्हणजे फ्रान्सिस ग्रीनवे. आर्किटेक्ट, खोटा दस्तऐवज केला म्हणून इंग्लंडातून हद्दपार. इथं आल्यावर गव्हर्नर मॅक्वारीनं त्याच्याकडून कैद्यांची बराक, चर्च, दीपगृह असं काय काय बांधून घेतलं आणि त्याला माफी दिली. आणि १९६६ ला डॉलर आले तेव्हा दहाच्या नोटेवर छापलं कोणाला, तर याला! फोर्जरीत सापडलेला माणूस नोटेवर, असला विनोद सरकारलाच सुचतो.

आणि आपला संबंध म्हणाल तर आहे की. सुरुवातीला त्या वसाहतीत धान्याची मारामार, तेव्हा कलकत्त्याहून माल जायचा. १७९६ च्या शेवटी सिडनी कोव्ह याच नावाचं एक जहाज कलकत्त्याहून निघालं, १७९७ च्या फेब्रुवारीत टास्मानियाजवळच्या बेटावर फुटलं. मदत आणायला म्हणून १७ जण छोट्या होडीतून निघाले, ती होडीही फुटली, मग शेकडो किलोमीटर किनाऱ्यानं पायी. त्यात १२ जण आपल्याकडचे खलाशी, ज्यांना लास्कर म्हणायचे. शेवटी जिवंत पोचले तिघंच, त्यात एक आपल्याकडचा. पुढच्या काळात उलटा व्यापार झाला तो घोड्यांचा, तुम्ही फौजी म्हणजे तुम्हाला माहीतच असेल, ब्रिटिश हिंदुस्थानच्या घोडदळातले ते वेलर घोडे. न्यू साउथ वेल्सचे म्हणून वेलर.

प्रश्न : लेकीसाठी चिवडा, पेढे, पापड, मनुके, थोडी द्राक्षं न्यायचीत. एअरपोर्टवर काढून घेतात म्हणे? (पंचवटीतून एक ताई)

ताई, द्राक्षं विसरा. ताजी फळं, भाजी, कढीपत्ता, मिरची, काही चालत नाही. आणि पेढेही विसरा, बर्फी, तूप, दुधाचं जे जे काही आपल्याकडून जातं ते नाही. कारण त्यांच्या गाईगुरांत लाळ्या-खुरकूत नाहीये आणि ती आपल्या डब्यातून यायला नको. जगापासून तुटलेला देश आहे, शेतीवर आणि गुरांवर चालतो, एक रोग घुसला तर कोट्यवधींचं नुकसान, त्यामुळे त्यांचं चुकत नाही असं माझं तरी मत आहे, जरी मी त्याच्यात पेढे घालवलेत.

विमानात एक कार्ड भरायला देतात, त्यात खाण्याचं काही आहे का या प्रश्नाला सरळ हो लिहायचं. चिवडा असो की पापड, हो. हो लिहिलं आणि वस्तू चालणारी नसली तर ते फक्त टाकून देतात. नाही लिहिलं आणि सापडलं तर दंड, आणि तो आपल्या रुपयात ऐकला की घेरी येते. पाकीटबंद, कारखान्यात पॅक केलेलं, लेबल असलेलं घ्या, घरचं डब्यातलं म्हटलं की ते उघडून बघत बसतात. जे मातीत टाकलं तर रुजेल त्याच्याकडे ते संशयानंच बघतात, हे लक्षात ठेवलं तरी पुरे, आणि पूजेचं सामान, लाकडाच्या वस्तू याही कार्डावर लिहा. औषधं न्याल तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर, आणि तीन महिन्यांच्या वर साठा नको.

माझं काय झालं, मी सगळं नीट लिहिलं होतं, बॅग उघडली, चिवडा बघितला, पास. मग माझ्या पर्समधून निघाली एक पुडी, त्र्यंबकेश्वरचा प्रसाद, चार पेढे, मी कधी ठेवले तेही आठवेना. समोरची मुलगी आपल्याच वळणाची, फिजीची निघाली, हातमोजे घातलेल्या हातानं पुडी उचलून म्हणाली, आंटी, ये नहीं जाएगा. मी म्हटलं बाई, देवाचं आहे गं. तिनं एक क्षण पुडी हातात धरली, मग बाजूच्या पिवळ्या डब्यात टाकली, टाकली म्हणजे अलगद सोडली. एवढं तिनं केलं.

आणि खरं सांगू, दहा किलो नेऊ नका. हॅरिस पार्क, वेंटवर्थविलला भाकरीच्या पिठापासून गोडा मसाल्यापर्यंत सगळं मिळतं. महाग मिळतं, पण एक्स्ट्रा बॅगेपेक्षा स्वस्त.

प्रश्न : तिथली सूर्यप्रकाशाची दिशा उलटी असते का? वास्तूचं काय? (गंगापूर रोड)

हसू नका पण हा प्रश्न मलाही पडला होता. तिथं दुपारचा सूर्य उत्तरेकडून येतो, म्हणून घराच्या जाहिरातीत उत्तराभिमुख असं अभिमानानं लिहितात आणि त्याचे जास्त पैसे लावतात. जुलैत थंडी, डिसेंबर-जानेवारीत कडक उन्हाळा, संक्रांतीचे तिळगूळ हातात वितळतात. गणपती येतात ते वसंतात. चंद्र उलटा दिसतो, मृग नक्षत्रही डोक्यावर उभं. वास्तूचं मला विचारू नका, माझी विहीणबाई अजून त्या नकाशावरच अडकलीये. हिवाळ्यात जाणार असाल तर स्वेटर घरात घालायला न्या, बाहेर उन्हात बरं वाटतं पण तिथली घरं आतून गार.

प्रश्न : मुलाला तिकडे शिकायला पाठवतोय. एवढे वेगवेगळ्या देशांचे लोक एकत्र राहतात म्हणे, आपल्याशी नीट वागतात का? (नाशिकरोडहून एक आई)

ताई, याचं उत्तर एका हो-नाहीत देता येत नाही. आधी हे ऐका की १९०१ साली देश झाल्याझाल्या त्यांनी कायदा केला तो गोऱ्यांशिवाय कोणी यायचं नाही यासाठी. तसं स्पष्ट लिहिलं नव्हतं, डिक्टेशनची परीक्षा घ्यायचे, आणि ती कुठल्याही युरोपियन भाषेत घ्यायची मुभा, म्हणजे नको असलेला माणूस नापास होणारच. परीक्षा १९५८ ला गेली, ते धोरण शेवटी १९७३ ला पूर्ण संपलं. म्हणजे माझी शाळा चालू होती तोवर आपल्यासारख्यांना तिथं दार अर्धं बंदच होतं.

आणि आता बघा. २०२१ ला सिडनीतले शंभरातले ४३ लोक परदेशात जन्मलेले. त्यात चीन पहिला, भारत दुसरा. इंग्रजीनंतर घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा म्हणजे मँडरिन, अरबी, कँटोनीज, व्हिएतनामी, मग हिंदी. व्हिएतनामची माणसं युद्धानंतर, १९७५ पासून निर्वासित म्हणून आली आणि कॅब्रामॅटा हे त्यांचं गाव झालं. लाकेंबात लेबनीज, आणि आता बांगलादेशी, रमजानात रात्रभर रस्त्यावर खाण्याच्या गाड्या. पीटरशॅममध्ये पोर्तुगीज, लाइकार्टमध्ये इटालियन, ऑबर्नला तुर्की मशीद आणि त्याच ऑबर्नात हिंदूंचं मंदिर. ती एअरपोर्टवरची फिजीची मुलगी, तिचं घराणं बहुतेक गिरमिटियांचं, ऊस तोडायला नेलेले आपले लोक, १९८७ च्या लष्करी बंडानंतर त्यातले खूपजण सिडनीला आले.

मी कॅब्रामॅटाला गेले तेव्हा एका टपरीपुढं उभी राहिले, चरक चालू, उसाचा रस! बाई कांड्या घालतेय, रस पिवळाधम्मक, मधेच तिनं छोटं आंबट संत्र्यासारखं फळ सालासकट चरकात घातलं. आपल्या रसवंतीत आलं-लिंबू घालतात तसं. घुंगरू तेवढे नव्हते. मला तिची भाषा येईना, तिला माझी, मी बोटानं दोन दाखवले, तिनं दोन ग्लास दिले, दुसऱ्यात बर्फ नको हे मात्र हातवाऱ्यांनी सांगताना दोघीही हसलो.

आता दुसरी बाजू. २००५ च्या डिसेंबरात क्रोनुलाच्या किनाऱ्यावर जमावानं अरब दिसणाऱ्या माणसांना झोडपलं. २००९ ला भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा हॅरिस पार्कमध्ये आपली पोरं रात्री रस्त्यावर उतरली होती. असं रोज होत नाही, पण होतच नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माझा स्वतःचा अनुभव म्हणाल तर एकदाच, बसमध्ये एक म्हातारा काहीतरी पुटपुटला आणि त्याच्या पुढच्या सीटवरची हिजाबवाली पोरगी त्याला माझ्या वतीनं जे काही ऐकवायचं ते ऐकवून मोकळी झाली.

मुलाचा खरा त्रास वेगळा असेल ताई, घरभाडं. ते भयंकर आहे. खोलीत किती जण, कामाचे तास किती, कॉलेज कुठल्या भागात, हे आधी विचारा, रंगाचं नंतर. आणि त्याला सांगा, सगळी नाशिकची आणि पुण्याची पोरं एका घरात गोळा करून चार वर्षं मिसळच खात बसू नको.

प्रश्न : ऑपेरा हाउसचं आतलं तिकीट काढावं का? (इंदिरानगर)

गाण्या-नाटकाचं काढा, नुसतं बघण्याची टूर मला तरी ठीकठाक वाटली. बाहेरून फुकट आहे आणि बाहेरूनच खरी मजा. जवळ जाऊन हात लावा, लांबून पांढरंशुभ्र दिसतं ते जवळून दोन रंगांचं निघतं, काही टाइल्स चकचकीत पांढऱ्या, काही मळकट सायीच्या रंगाच्या. दहा लाखांच्या वर टाइल्स आहेत, स्वीडनमध्ये केलेल्या. ज्यानं हे चित्र काढलं तो यॉर्न उत्झन डेन्मार्कचा, १९५७ ला स्पर्धा जिंकला, १९६६ ला सरकारशी पैशांवरून आणि कामावरून वाजलं, राजीनामा देऊन गेला, आणि १९७३ ला उद्घाटन झालं तरी तो परत कधी आला नाही. बांधून झालेली इमारत त्यानं पाहिलीच नाही. अंदाज ७० लाख डॉलरचा होता, झाले १० कोटी २० लाख, आणि त्यातले बहुतेक लॉटरीतून उभे केले. आपल्या इथल्या उड्डाणपुलांच्या बजेटवर बोलताना हे आठवतं मला.

पुलावर मात्र चाला. कमानीवर चढवतात त्याचे पैसे पडतात, पण पूर्वेकडच्या फुटपाथवरून चालत जायला पैसे नाहीत, आणि गुडघे दुखत असतील तर दोन्ही टोकांना आता लिफ्ट आहे. १९ मार्च १९३२ ला उद्घाटनाला मुख्यमंत्री फीत कापणार तेवढ्यात एक घोडेस्वार पुढं आला आणि त्यानं तलवारीनं फीत कापून टाकली! पोलिसांनी धरलं, फीत परत बांधली, मग मुख्यमंत्र्यांनी कापली. बाईटवाले तेव्हा असते तर काय झालं असतं.

प्रश्न : मी लहानपणापासून गोदावरीत पोहतो, दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं तरी उडी मारतो. बाँडाय बीचवर पोहायला काही परवानगी लागते का? (जुने नाशिक)

परवानगी लागत नाही दादा, अक्कल लागते. राग मानू नका, आमचे जावईबापू अगदी हेच बोलून पाण्यात उतरले होते. कंबरभर पाण्यात उभे होते, मी वाळूवर. लाट परत जाताना त्यांच्या पायाखालची वाळू सरकतेय हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. दोन मिनिटांत ते होते तिथून वीस पावलं बाजूला, स्वतः न हलता. तेवढ्यात भोंग्यावरून आवाज आला, निळी पँट, झेंड्यांमध्ये या. निळी पँट म्हणजे आमचेच.

किनाऱ्यावर लाल-पिवळे दोन झेंडे लावतात, त्यांच्या मधेच पोहायचं, बाहेर नाही. फुटणाऱ्या लाटांच्या मधे एक पट्टा शांत, गडद, गुळगुळीत दिसतो, आपल्याला वाटतं हीच बरी जागा, तोच घात. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्या पट्ट्यातून परत समुद्रात ओढलं जातं, त्याला रिप म्हणतात. सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावायचा नाही, त्यात चांगले पोहणारेही दमून जातात. तरंगत राहायचं, हात वर करायचा, जमलं तर आडवं पोहून पट्ट्याच्या बाहेर पडायचं. १९३८ च्या फेब्रुवारीत एका रविवारी बाँडायला लागोपाठ मोठाल्या लाटा आल्या, शेकडो लोक आत ओढले गेले, जीवरक्षकांनी जवळपास सगळ्यांना काढलं तरी ५ जण गेलेच. नदीचा पूर एका दिशेनं नेतो, तुम्हाला ती दिशा लहानपणापासून पाठ आहे. इथलं पाणी तुम्हाला ओळखत नाही.

गंमत म्हणजे याच सिडनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दिवसाढवळ्या समुद्रात उतरायलाच बंदी होती, अब्रूचा प्रश्न म्हणून. आता कपड्यांची काय अवस्था असते ते तुम्ही जाऊनच बघा.

प्रश्न : माझी द्राक्षाची बाग आहे. सिडनीजवळ द्राक्षं बघायला कुठं जाऊ? (पिंपळगाव बसवंत)

हंटर व्हॅली. उत्तरेला साधारण १६० किलोमीटर, आपल्या नाशिक-मुंबईएवढं. पण तिथं वाइनची द्राक्षं, खायची नाहीत, सेमियॉन आणि शिराझ या जाती जास्त. १८३१ ला जेम्स बस्बी नावाच्या माणसानं स्पेन-फ्रान्स हिंडून शेकडो जातींच्या काड्या गोळा केल्या, मग त्या सिडनीच्या बोटॅनिक गार्डनमध्ये लावल्या आणि हंटरमध्येही नेल्या.

तुम्हाला आवडेल ती गोष्ट ही, की त्यांची तोडणी जानेवारी-फेब्रुवारीत आणि आपलीही त्याच सुमारास, पृथ्वीच्या दोन टोकांना असून. कारण तिथली वेल थंडीत पानं टाकून झोपते, हिवाळ्यात एकच छाटणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून आपण एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करून तिला दोनदा उठवतो. हे मी तिथल्या एका बागवाल्याला जावयामार्फत सांगितलं तर तो दोनदा, दोनदा करत राहिला. आणि त्याचं रडगाणं ऐका, ऐन तोडणीत पाऊस! मला क्षणभर वाटलं निफाडलाच बसलेय.

अजून एक, तुमचे कंटेनर न्हावाशेव्याहून जातात ना, मुंबईच्या जुन्या गोदीतून नाही, तसंच तिथंही झालंय. कंटेनर सगळे पोर्ट बॉटनीला, जुन्या बंदरात आता क्रूझ, नौदल आणि फेरीबोटी. डार्लिंग हार्बर तर मालाच्या धक्क्याचं १९८८ ला फिरायचं ठिकाण करून टाकलं.

प्रश्न : लेकाला फोन कधी करायचा? (मेरी, म्हसरूळ लिंक रोड)

ते आपल्यापेक्षा साडेचार तास पुढं, ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच तास. तुमचा रात्री नऊचा फोन त्यांच्या मध्यरात्रीनंतर वाजतो. दुपारी करा.

प्रश्न : सिडनी क्रिकेट ग्राउंड बघता येतं का? (कॉलेज रोड, एक सचिनभक्त)

येतं, टूर असते. २००४ च्या जानेवारीत नाबाद २४१ इथलेच, कव्हर ड्राइव्ह न मारता. २०२३ ला सचिनच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिथल्या एका गेटला लारा आणि तेंडुलकर अशी दोघांची नावं दिली, पाहुण्या टीमचे खेळाडू त्यातून मैदानात उतरतात. लोखंडी नक्षीचा लेडीज पॅव्हेलियन १८९६ चा. आणि सीटवर बसून ओरडणारा एक पुतळा आहे, याब्बा नावाच्या प्रेक्षकाचा, खेळाडूंना टोमणे मारून प्रसिद्ध झालेला. आपल्या कट्ट्यावरच्या किती जणांचे पुतळे करावे लागतील.

प्रश्न : कामासाठी जातेय, एकच दिवस मोकळा आहे. काय बघू? (अंबड, एमआयडीसी)

सकाळी लवकर पुलावरून चाला, ऑपेरा हाउसच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसा, फोटो काढून मोकळ्या व्हा. मॅनलीची फेरीबोट सगळे सांगतील, अर्ध्या तासाची आहे, मधे दोन कड्यांसमोरून जाताना बाहेरचा समुद्र आत येतो आणि बोट चांगली हलते, छान आहे. पण मी तुम्हाला पॅरामॅटाची बोट सांगेन. सर्क्युलर कीवरूनच सुटते, दीड तासाच्या आसपास लागतो. पुलाखालून निघते, मग कॉकाटू बेट, जिथं आधी कैदी ठेवायचे आणि नंतर जहाजं बांधायचे, मग २००० च्या ऑलिंपिकचा भाग, आणि हळूहळू पाणी अरुंद होत जातं, दोन्हीकडं खारफुटी, बोटीचा वेग कमी होतो. समुद्रावरून निघून तुम्ही नदीत आलेल्या असता आणि कुठं आलात ते कळलेलं नसतं. पॅरामॅटा हे तिथल्या मूळ लोकांचं नाव, ईल माशांची जागा. ओहोटी फारच असली तर बोट अलीकडे रायडलमेअरलाच थांबते आणि पुढं बसनं नेतात, घाबरू नका.

तिथून पंधरा-वीस मिनिटं चाललं की हॅरिस पार्क, विग्रम स्ट्रीट. जुनी बुटकी विटांची घरं आणि प्रत्येकात हॉटेल, ओसरीवर खुर्च्या टाकलेल्या, डोसा, चाट, पान, मागून कोणीतरी पंजाबीत भांडतंय, पुढं नेपाळी पोरगा मेनूकार्ड घेऊन उभा. वडापाव मिळाला तर खा, पण नाशिकच्या चवीची अपेक्षा ठेवू नका, माझ्या समोर आला तो गोड पावात होता. परत जायला ट्रेन पकडा, सेंट्रलला अर्ध्या-पाऊण तासात पोचाल. आणि उतरताना कार्ड टेकवा.